मोटारींच्या ठिणगीपासून नभोवाणीस होणारा व्यत्यय : एका आंतरराष्ट्रीय मर्यादेचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीतील प्रज्वलन-यंत्रणा आणि बिनतारी संदेशवहनाचे आद्य प्रक्षेपक ही दोन्ही एकाच कुळातील होत. हाइन्रिख हर्ट्झ याने १८८७-८८ च्या सुमारास कार्लस्रूह येथे विद्युत्-चुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले, ते धातूच्या दोन गोलांमधील फटीत ठिणगी पाडून. मार्कोनीच्या पहिल्या यंत्रातही ठिणगीच होती. १९०२ मध्ये श्टुटगार्ट येथील रोबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडावयाचा स्पार्क प्लग तयार केला आणि मोटारीच्या इंजिनास खात्रीचे प्रज्वलन लाभले. तेव्हापासून रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटार हे, कोणाच्या मनात नसताना, एक लहानसे प्रक्षेपण-केंद्र होऊन बसले. जर्मन भाषेने हे नाते शब्दांत जपले आहे. ‘फुंकेन’ म्हणजे ठिणगी. तिच्यावरून बिनतारीस ‘फुंक’ व नभोवाणीस ‘रुंटफुंक’ असे शब्द रूढ झाले. ठिणगीने ठिणगीच्या वंशजास त्रास द्यावा असा हा योग होता.

संदेशवहनातून ठिणगीचे उच्चाटन करणे तुलनेने सोपे गेले. तिच्या लहरी कोणत्याही एका कंप्रतेवर स्थिर राहत नाहीत, आजूबाजूचा विस्तीर्ण पट्टा व्यापतात; म्हणून १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ठिणगीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. त्यांची जागा घेण्यास निर्वात नलिका सज्ज होती. मोटारीच्या बाबतीत असा पर्याय नव्हता. तेथे ठिणगी हे साधन नसून प्रत्यक्ष कार्यच होय. तिच्यावाचून इंजिन चालत नाही. त्यामुळे बंदीचा विचार बाजूस ठेवून मर्यादेचा विचार करणे भाग पडले. एका गृहस्थाच्या वाहनाने दुसऱ्याच्या घरातील यंत्रास किती उपद्रव द्यावा, तो कसा मोजावा, आणि तो कमी करण्याचा खर्च कोणी सोसावा, हे तीन प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहेत. सामान्यतः या विषयाची हकीकत तंत्रज्ञांच्या टिपणांत विखुरलेली सापडते, आणि तेथे मर्यादेचा आकडा निसर्गनियमासारखा दिलेला असतो. वस्तुतः तो आकडा विशिष्ट काळी, विशिष्ट श्रोत्यांसाठी ठरला, आणि ते श्रोते निघून गेल्यावरही मागे राहिला.

ठिणगीचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. स्पार्क प्लगच्या टोकांमधील दाब काही सहस्र व्होल्टपर्यंत चढतो व फट एकाएकी वाहक बनते. त्या क्षणी प्लग आणि तारा यांच्या धारितेत साठलेली ऊर्जा सेकंदाच्या काही अब्जांश भागात मोकळी होते आणि तिचा प्रवाह क्षणमात्र अनेक अँपिअरपर्यंत पोहोचतो. त्यानंतर वेटोळ्यातील उरलेली ऊर्जा मंद प्रवाहाने वाहत राहते व मिश्रण पेटविण्यास साह्य करते. उपद्रव होतो तो प्रामुख्याने पहिल्या, आकस्मिक भागाचा. त्यास प्लगपर्यंतची तार एरियलसारखी उपयोगी पडते. आणि या तारेची लांबी अर्धा-एक मीटर असल्याने काही दशमेगाहर्ट्झपासून काही शतमेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात तिचे प्रारण विशेष जोमदार होते. मध्यम व दीर्घ लहरींवरील नभोवाणी ऐकणाऱ्या घरातील श्रोत्यास रस्त्यावरच्या मोटारीचा त्रास म्हणूनच बेताचा होता. त्याची तक्रार ट्रामगाडी, लिफ्ट, वैद्यकीय उपकरणे आणि घरगुती विद्युत् मोटरी यांविषयी असे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोटारीतच नभोवाणी-यंत्र बसविण्यास प्रारंभ झाला, तेव्हा गाडीच्या मालकास स्वतःच्याच इंजिनाची खरखर ऐकावी लागली व त्याने ती स्वखर्चाने थांबविली. येथे उपद्रव देणारा आणि सोसणारा एकच असल्याने कायद्याची गरज भासली नाही.

आंतरराष्ट्रीय प्रयत्नांस आरंभ झाला तो या घरगुती तक्रारींतून, आणि खरे पाहता व्यापाराच्या चिंतेतून. निरनिराळी राष्ट्रे विद्युत् उपकरणांवर आपापले निर्बंध घालू लागली तर एका देशातील माल दुसऱ्या देशात खपणे दुरापास्त होईल, हे ध्यानी आल्यावर १९३३ मध्ये पॅरिस येथे संबंधित आंतरराष्ट्रीय संस्थांची बैठक झाली आणि जून १९३४ मध्ये, पॅरिस येथेच, नव्या समितीचे पहिले अधिवेशन भरले. ‘रेडिओ-विद्युत् व्यत्ययांविषयी आंतरराष्ट्रीय विशेष समिती’ असा तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ असून त्यातील आद्याक्षरांवरून ती ‘सिस्पर’ या नावाने ओळखली जाते. ‘विशेष’ हे विशेषण शोभेचे नव्हे. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या नेहमीच्या समित्यांत राष्ट्रांचे प्रतिनिधी बसत; येथे त्यांच्या बरोबरीने नभोवाणी-संस्था, वीज-उत्पादक व इतर हितसंबंधी संघटना यांनाही स्थान हवे होते. उपद्रव देणारा व सोसणारा या दोघांसही एका मेजाभोवती बसविल्यावाचून आकडा ठरणार नव्हता.

नावातील ‘पेर्तुर्बास्यों’ या शब्दाची निवडही लक्षणीय आहे. इंग्रजीतील ‘इंटरफिअरन्स’ हा शब्द भौतिकीत लहरींच्या परस्परमीलनास पूर्वीच दिला गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो टाळून ‘क्षोभ’ या अर्थाचा शब्द पत्करला. सामान्य फ्रेंच माणूस मात्र या खरखरीस ‘पाराझित’, म्हणजे परोपजीवी जंतू, असे म्हणत आला आणि मोटारीवर बसविलेल्या निवारकासही त्यावरूनच नाव पडले. मराठीत ‘खरखर’ या अनुकरणवाचक शब्दावर आपले काम भागले; त्यात दोष कोणाचा याचा निर्देश नाही, कानास काय जाणवले एवढेच आहे. योगायोगाने सिस्परने मापनाचा प्रश्न ज्या रीतीने सोडविला तिच्याशी हा मराठी शब्दच अधिक जुळतो.

समितीपुढील पहिला प्रश्न मापनाचा होता, आणि या साऱ्या इतिहासात बौद्धिक दृष्ट्या सर्वांत मोलाचा भाग हाच होय. एखाद्या ठिणगीची तीव्रता मोजावयाची तर तिचा शिखरबिंदू मोजता येतो, सरासरी काढता येते, किंवा ऊर्जा मोजता येते. यांपैकी कोणतेही मान घेतले तरी ते भौतिक दृष्ट्या निर्दोष असते. परंतु श्रोत्यास होणाऱ्या त्रासाशी त्याचा मेळ बसेलच असे नाही. तासाभरात एकदा झालेला मोठा कडकडाट माणूस विसरून जातो; मध्यम तीव्रतेची अखंड खरखर असेल तर तो यंत्र बंद करतो. म्हणून असे मापनयंत्र योजण्यात आले की, ज्याचा काटा शिखराकडे झेपावेल परंतु तेथे टिकून राहण्यास त्यास स्पंदांची पुनरावृत्ती लागेल. त्यातील धारित्र एक सहस्रांश सेकंदाच्या कालांकाने भरते आणि त्याहून शंभराहून अधिक पट सावकाश रिकामे होते. मध्यम लहरींच्या पट्ट्यासाठी रिकामे होण्याचा कालांक १६० सहस्रांश सेकंद, तर ३० मेगाहर्ट्झवरील पट्ट्यांसाठी ५५० सहस्रांश सेकंद, असा ठरला. या मानास ‘अर्धशिखर’ मान म्हणता येईल. वरच्या पट्ट्यात त्याचा परिणाम असा होतो की, दर सेकंदास शंभर स्पंद येत असताना काटा जेथे स्थिरावतो तेथेच तो आणावयाचा असेल, तर दर सेकंदास वीस स्पंद असताना प्रत्येक स्पंद ९ डेसिबलने अधिक प्रबळ हवा, आणि एकाकी स्पंद ३१.५ डेसिबलने, म्हणजे सुमारे सदतीस पटींनी.

याचा अर्थ असा की, या यंत्रात १९३० नंतरच्या दशकातील नभोवाणी-श्रोत्याचा कान बसविलेला आहे. उच्चारलेला ध्वनी आणि ऐकणाऱ्यास भेदक वाटणारा ध्वनी यांतील अंतर भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. सिस्परच्या अभियंत्यांनी तेच अंतर व्होल्टमापकात उतरविले. त्यांनी ठिणगी मोजली नाही, ठिणगीची बोच मोजली.

मोटारीचा प्रश्न ऐरणीवर आला तो दूरचित्रवाणीमुळे. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून बी.बी.सी.ने ४०५ रेषांच्या दूरचित्रवाणीची नियमित सेवा सुरू केली. चित्र ४५ मेगाहर्ट्झवर आणि ध्वनी ४१.५ मेगाहर्ट्झवर. ज्या पट्ट्यात मोटारीची ठिणगी सर्वांत बोलकी, नेमका तोच हा पट्टा होता. त्यात ब्रिटिश पद्धतीत लहर जितकी प्रबळ तितके चित्र उजळ असे ठरले होते. त्यामुळे प्रत्येक ठिणगी पडद्यावर पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने चमके. अमेरिकन पद्धतीत हा संबंध उलट असल्याने तेथे ठिपके काळे पडत आणि डोळ्यांस कमी खुपत. एका अर्थी ब्रिटिश प्रेक्षकाचा त्रास हा त्याच्याच अभियंत्यांच्या निवडीचा परिणाम होता, ही गोष्ट मोटारधारकांच्या बाजूने फारशी मांडली गेल्याचे दिसत नाही.

उपाय स्वस्त होता. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या तारेत किंवा प्लगच्या टोपणात सुमारे १०,००० ओहमचा रोधक बसविला की पहिला आकस्मिक प्रवाह एक-दोन अँपिअरच्या आत राहतो व लहर निर्माण करण्याचे त्याचे सामर्थ्य खचते. इंजिन दुबळे होते, थंडीत सुरू होत नाही, पेट्रोल अधिक लागते, अशी शंका मोटारधारक बोलून दाखवीत. ती निराधार होती असे गणिताने दाखविता येते. फट फुटण्यापूर्वी प्रवाह जवळजवळ नसतोच, त्यामुळे रोधकात दाब वाया जात नाही. आणि नंतरचा मंद प्रवाह ५० सहस्रांश अँपिअर धरला तरी रोधकातील घट ५०० व्होल्ट, म्हणजे उपलब्ध दाबाचा अल्प अंश भरते. तरीही शंका टिकली, कारण तिच्या मागे तंत्राहून वेगळा प्रश्न होता : रोधकाचे मूल्य मोटारवाल्याने द्यावयाचे आणि लाभ मात्र त्याने कधी न पाहिलेल्या, रस्त्याकडेच्या घरात बसलेल्या कुटुंबास व्हावयाचा. स्वेच्छेवर सोपविलेला उपाय अशा स्थितीत तोकडाच पडणार. ज्याच्या घरी दूरचित्रवाणी होती त्यालाही स्वतःच्या मोटारीवर रोधक बसवून आपला पडदा स्वच्छ करता येत नव्हता. त्यासाठी इतर सर्वांनी तो बसविणे आवश्यक होते.

ब्रिटनमध्ये १९४९ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने सरकारला असे नियम करण्याचा अधिकार दिला. परंतु तो वापरण्यापूर्वी विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षाने सुचविलेल्या व्यक्तींच्या सल्लागार समितीशी विचारविनिमय करण्याचे बंधनही घातले. १९५२ मध्ये प्रज्वलन-यंत्रणांविषयीचे नियम प्रसिद्ध झाले आणि १ जुलै १९५३ पासून ते अमलात आले. राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक २ जून १९५३ रोजी झाला होता आणि सुमारे दोन कोटी लोकांनी तो पडद्यावर पाहिला होता. म्हणजे नियम चार आठवडे उशिरा आले. ते नव्या वाहनांस लागू होते, रस्त्यावरील जुन्या मोटारी त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. मर्यादा ४० ते ७० मेगासायकल या पट्ट्यासाठी होती व तिचा आकडा होता दर मीटरला ५० मायक्रोव्होल्ट. पट्ट्याच्या सीमा पाहता कायद्याचा हेतू उघड होतो : ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या पहिल्या पाच वाहिन्या ४१ ते ६८ मेगासायकल यांच्या दरम्यान होत्या.

महायुद्धाने खंडित झालेले सिस्परचे कार्य १९४६ मध्ये लंडन येथे पुन्हा सुरू झाले आणि आता अटलांटिकपलीकडील राष्ट्रांचा सहभाग वाढला. १९५० मध्ये ही समिती विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या आश्रयाखाली आली. तिचे पहिले प्रकाशन १९६१ चे. त्यात १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या मापनयंत्राचे वर्णन असून त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रकाशनाने ही सीमा ३०० मेगाहर्ट्झपर्यंत नेली. येथे अमेरिकन परंपरेशी मतभेद पडला. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांची संस्था प्रज्वलनाचा उपद्रव शिखरमानाने मोजीत असे. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते : शिखर मोजणे जलद, पुनःपुन्हा तेच उत्तर देणारे, आणि कोणाच्या कानावर अवलंबून नसणारे. युरोपीयांचे म्हणणे असे की, कानावाचून उपद्रव ही संज्ञाच निरर्थक ठरते. शेवटी तडजोड झाली ती भाषांतराच्या सूत्राने. प्रज्वलनाच्या ठिणगीपुरते, १२० किलोहर्ट्झ पट्टारुंदीस, शिखरमान हे अर्धशिखरमानाहून २० डेसिबलने अधिक धरावे असे ठरले, आणि मोटारींविषयीच्या सिस्पर-१२ या प्रमाणग्रंथात, ज्याची पहिली आवृत्ती १९७५ ची, दोन्ही बोलींना जागा मिळाली. प्रत्येक भाषांतराप्रमाणे हेही ढोबळ आहे. दर सेकंदास किती ठिणग्या पडतात यावर खरे अंतर अवलंबून असते : चार सिलिंडरचे चतुर्घाती इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असता सेकंदास पन्नास ठिणग्या पडतात, तर एका सिलिंडरचे २५०० फेऱ्यांवर सुमारे एकवीस. दोघांस एकच २० डेसिबल लावणे सोयीचे असले तरी काटेकोर नव्हे.

सिस्परची प्रकाशने ही शिफारस होय. त्यांना कायद्याचे बळ अन्यत्र मिळावे लागते. ते दिले संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने. वाहनांच्या परस्परमान्यतेविषयी १९५८ मध्ये जिनीव्हा येथे झालेल्या कराराखालील नियम क्रमांक १० हा १ एप्रिल १९६९ रोजी अमलात आला, आणि २० जून १९७२ च्या युरोपीय समुदायाच्या निर्देशाने त्यातील आशय जवळजवळ तसाच उचलला. ४० ते ७५ मेगाहर्ट्झपर्यंत ५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर, आणि तेथून २५० मेगाहर्ट्झपर्यंत १२० मायक्रोव्होल्टपर्यंत समप्रमाणात चढत जाणारी मर्यादा. वाहनापासून दहा मीटरवर, तीन मीटर उंचीवर एरियल. ब्रिटिश नियमातील पन्नासाचा आकडा येथे पुन्हा भेटतो.

या दस्तऐवजाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे मापनासाठी नेमून दिलेल्या कंप्रतांची यादी : ४५, ६५, ९०, १५०, १८० आणि २२० मेगाहर्ट्झ. वरवर पाहता ही सोयीस्कर अंतरावरची निवड वाटते. परंतु पहिल्या दोन जुन्या दूरचित्रवाणीच्या पट्ट्यात पडतात, तिसरी नव्या, कंप्रता-परिवर्तनाच्या नभोवाणीच्या पट्ट्यात, चौथी पोलीस, रुग्णवाहिका व इतर फिरत्या बिनतारी सेवांच्या परिसरात, आणि शेवटच्या दोन दूरचित्रवाणीच्या वरच्या पट्ट्यात. सहा आकड्यांत त्या काळच्या युरोपातील श्रोत्यांची आणि प्रेक्षकांची जणू शिरगणतीच आहे. मोटारीविषयीच्या या नियमात मोटारीइतकेच तिच्या शेजाऱ्यांचे वर्णन आहे, ते असे.

मापनस्थळाच्या अटींतही मानवी व्यवहाराची चाहूल लागते. वीस मीटर दीर्घ अक्ष व १७.३ मीटर लघु अक्ष असलेल्या लंबवर्तुळात लहरी परतविणारी कोणतीही वस्तू असता कामा नये. आणि वाहनावर पाऊस पडत असता, किंवा पाऊस थांबून दहा मिनिटे होण्यापूर्वी, मापन करू नये. ओल्या पत्र्यावर व ओल्या तारांवर लहरींचे वर्तन बदलते, म्हणून ही अट. शेजाऱ्यास अर्थातच पावसातही ऐकू येते. परंतु दोन देशांच्या प्रयोगशाळांत एकच उत्तर यावे यासाठी नियमाने कोरडे हवामान गृहीत धरले. पुनरावृत्तीची शक्यता आणि वास्तवाशी इमान यांत निवड करावी लागली की प्रमाणकार बहुधा पहिलीकडे झुकतात.

१९७२ च्या निर्देशाच्या शीर्षकात ठिणगी-प्रज्वलनाच्या इंजिनांचा स्पष्ट उल्लेख होता. डिझेलच्या गाड्या आपोआप वगळल्या गेल्या, कारण त्यांत ठिणगी नाही. १९९५ च्या सुधारणेने हे बदलले. तोवर मोटारीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली होती आणि इतरांच्या लहरींनी मोटारच बिघडण्याचे भय उत्पन्न झाले होते. आरोपी आता फिर्यादीही झाला. आज नियम क्रमांक १० खाली मोटारीने दर मीटरला ३० व्होल्टपर्यंतचे क्षेत्र विनातक्रार सोसावे अशी अपेक्षा आहे. तिला स्वतःला सोडण्याची मुभा असलेल्या जुन्या पन्नास मायक्रोव्होल्टच्या हे सहा लक्ष पट होते. मापनाच्या रीती भिन्न असल्याने ही तुलना ढोबळच, तथापि तिने पारडे कोणीकडे झुकले ते दिसते. भारतात हाच आशय ए.आय.एस.-००४ या वाहन-प्रमाणात उतरला असून ते पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केले आहे.

जुना आकडा मात्र हलला नाही. ब्रिटनमधील ४०५ रेषांची दूरचित्रवाणी जानेवारी १९८५ मध्ये कायमची बंद झाली. ज्या पडद्यावरील पांढऱ्या ठिपक्यांसाठी ५० मायक्रोव्होल्टची मर्यादा घातली गेली तो पडदा अडगळीत गेला. दहा वर्षांनंतरच्या, १९९५ च्या निर्देशात ३० ते ७५ मेगाहर्ट्झसाठी संदर्भ-मर्यादा ३४ डेसिबल अशी छापलेली आढळते. लेखनपद्धती नवी, आकडा तोच. ३४ डेसिबल म्हणजे एका मायक्रोव्होल्टच्या पन्नास पट. पुढे नियम क्रमांक १० मध्ये तो ३२ वर आला, तरी मर्यादारेषेस ७५ मेगाहर्ट्झवर पडणारी घडी तशीच राहिली. ज्या प्रत्ययाचा अर्थ बोलणाऱ्यांस उरलेला नाही असे प्रत्यय भाषेत शतकानुशतके टिकतात, आणि ते काढून टाकण्यापेक्षा बाळगणे स्वस्त पडते. या आकड्याचेही तसेच झाले. तो पाळण्यास कारखान्यांस आता काही विशेष करावे लागत नव्हते, कारण कर्बयुक्त रोधक-तार व रोधक असलेले प्लग नित्याचे झाले होते.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत ठिणगीच नाही. तथापि तिच्या बॅटरीचा प्रवाह मोटरीस योग्य रूपात पुरविणारी यंत्रणा दर सेकंदास सहस्रावधी वेळा उघडझाप करते, आणि तिचा उपद्रव ठिणगीच्या उच्च पट्ट्यात न होता खाली, मध्यम लहरींवर, विशेष जाणवतो. काही निर्मात्यांनी आपल्या विद्युत् मोटारींतून मध्यम लहरींचे नभोवाणी-यंत्रच काढून टाकले. फोर्ड कंपनीने तसा निर्णय घेऊन मे २०२३ मध्ये तो मागे घेतला, आणि त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसमध्ये प्रत्येक नव्या वाहनात असे यंत्र सक्तीचे करणारे विधेयक मांडले गेले. आपत्तीच्या वेळी सूचना पोहोचविण्यास मध्यम लहरींसारखे दूरगामी साधन नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९३० च्या मोटारमालकाने आपली खरखर थांबविली होती ती नभोवाणी ऐकता यावी म्हणून. येथे खरखर ठेवून नभोवाणीच काढण्याचा मार्ग सुचला.

गाडीच्या बाहेरील श्रोत्यासाठी सिस्परने २०२० मध्ये ३६ व्या क्रमांकाचे नवे प्रमाण प्रसिद्ध केले. वाहनापासून तीन मीटरवर वेटोळ्याच्या एरियलने चुंबकीय क्षेत्र मोजावे, असे त्यात सांगितले आहे. इंजिनाचे फेरे मोजण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मापनाचा पट्टा मात्र १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ असा आहे. १९६१ च्या पहिल्या प्रकाशनातील मापनयंत्राचाही तोच होता.